टाचेमागचा पट्टा

पावसाळ्याचे चार महिने कोकण किनाऱ्यावर पाण्याखाली उतरणे बंद असते. समुद्र खवळलेला असतो, किनाऱ्यालगतचे पाणी गाळाने गढूळ झालेले असते आणि होड्या वाळूवर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात. ऑक्टोबरात हंगाम उघडायची वेळ आली की आम्ही हौशी पाणबुडे आपापल्या पिशव्या उघडतो. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासासाठी देणारे यंत्र, सर्व्हिसिंगला जातो, बीसीडीत, म्हणजे तरंगणे सांभाळणाऱ्या फुगत्या जाकिटात, हवा भरून ती कुठे गळते का ते रात्रभर पाहिले जाते, मास्कची काच घासली जाते. फिन्सकडे, म्हणजे पोहताना पायांत घालायच्या रुंद पात्यांकडे, मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही. त्यांत हवा नसते, झडप नसते, बिघडण्यासारखे काही दिसत नाही. बिघडते ते टाचेमागचे वीतभर रबर, आणि ते बिघडल्याचे बहुधा होडीवर, उडी मारायच्या क्षणी कळते.

हा पट्टा बदलायचा झाला तर तो कसा निवडावा, याविषयी मी इथे जरा विस्ताराने लिहिणार आहे. पाण्याखाली पुढे जाण्यासाठी आपल्याजवळ पायांखेरीज दुसरे काही नसते. पायांचा सगळा जोर पात्यापर्यंत पोहोचवण्याच्या कामात हा पट्टा सहभागी असतो, आणि तरीही तो घेताना आपण रंगापलीकडे काही विचारत नाही. मला हे बरोबर वाटत नाही.

फिन्स दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात पाऊल टाचेसकट रबरी बुटात जावे तसे आत जाते. त्यांना पट्टा नसतो. दुसऱ्या प्रकारात पाऊल घालायचा खिसा मागून उघडा असतो, पायात निओप्रीनचा बूट घालून पाऊल त्यात सरकवायचे आणि टाच पट्ट्याने धरून ठेवायची. फ्रेंच नौदलातील अधिकारी लुई द कोर्लिए यांनी १९३३ साली पोहण्याच्या फिन्सचे पेटंट घेतले; तेव्हापासून पात्यांचे आकार कितीतरी बदलले, पण उघड्या टाचेच्या फिनमध्ये पाऊल मागे निसटू न देण्याचे काम आजही पट्टाच करतो. पाय खाली मारताना पावलाची वरची बाजू खिशाच्या छताला ढकलत असते, त्यामुळे तेव्हा पट्ट्यावर फारसा भार नसतो. पाय वर उचलताना मात्र पाणी पाते मागे धरून ठेवते, टाच खिशातून सुटू पाहते, आणि ती ओढ पट्टा सोसतो. बेडकासारखे पाय मारण्याच्या पद्धतीत, ज्याला आम्ही फ्रॉग किक म्हणतो, पाऊल घोट्यातून बाहेर वळवावे लागते. पट्टा ढिला असेल तर पाऊल वळते आणि पाते जागच्या जागी राहते. मालवणसारख्या ठिकाणी, जिथे तळाचा गाळ उडाला की जोडीदाराचा हातही दिसेनासा होतो, तिथे ही किक नीट जमणे फार गरजेचे असते. म्हणून मी पट्ट्याकडे आरामाची वस्तू म्हणून पाहत नाही.

नवा पट्टा घेण्याआधी जुना खरोखर गेला आहे का, ते ठरवावे लागते. त्याची परीक्षा सोपी आहे. पट्टा बकलमधून पूर्ण मोकळा करायचा, खिडकीजवळच्या उजेडात धरायचा आणि बकलच्या दातांत रोज जो भाग अडकतो नेमका तिथे तो दोन बोटांत उलटा दुमडायचा. सपाट असताना काळाभोर, तुकतुकीत दिसणारा पट्टा दुमडला की बाहेरच्या वळणावर केसाएवढ्या बारीक रेघा उघडतात. त्या रेघा नेहमी पट्ट्याच्या रुंदीतून, म्हणजे ताणाच्या दिशेला आडव्या जातात. एखादी रेघ नखाला लागण्याइतकी खोल असेल, तर पट्ट्याचे आयुष्य संपले आहे असे मी धरते. अशा पट्ट्यावर आणखी एखादी डाइव्ह निघेलही, पण ती कोणती हे आपल्याला ठरवता येत नाही.

या आडव्या रेघा पडण्याचे कारण हवेतला ओझोन. नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या साखळीत जे दुहेरी बंध असतात ते ओझोन तोडतो, आणि रबर ताणलेले असेल तेव्हाच त्या तुटीच्या भेगा होतात. सैल ठेवलेल्या रबराला त्याच हवेत तितकी बाधा होत नाही. फिन्स आवळलेल्या पट्ट्यांसकट जूनमध्ये कपाटात गेल्या की चार महिने एक थेंब पाणी न लागताही पट्टा चिरतो, तो यामुळे. पट्टे पूर्ण सैल करून ठेवणे एवढ्यानेच त्यांचे आयुष्य पुष्कळ वाढते. ऊन रबराला वेगळ्या रीतीने कोरडे आणि कडक करते, त्यामुळे गॅलरीच्या कठड्यावर फिन्स वाळत घालण्याची सवयही सोडावी. आणि तेल. आपल्याकडे कडक झालेल्या रबराला खोबरेल तेलाचा हात फिरवायची पद्धत आहे. तेल लावल्यावर पट्टा तात्पुरता मऊ आणि चकचकीत होतो हे खरे, पण नैसर्गिक रबर तेल शोषून फुगते आणि आतून दुबळे होते. व्हॅसलीननेही हेच होते. लावायचेच असेल तर सिलिकोनचा फवारा लावावा, आणि तोही धुऊन, सावलीत वाळवल्यानंतर.

पट्टा गेला आहे असे ठरले की दुकानात तीन जातींचे पट्टे समोर येतात: बकलमधून आवळायचा रबरी पट्टा, कापडी वेष्टनात रबराचे धागे असलेल्या जाड बंजी दोरीचा पट्टा, आणि पोलादी स्प्रिंगचा पट्टा. यांतला खरा फरक पाण्यावर कळत नाही, पाण्याखाली कळतो. तो मला एका हिवाळ्यात मालवणला अगदी जवळून पाहायला मिळाला.

आमची होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या समुद्राकडच्या खडकांपाशी नांगरलेली होती. माझ्या जोडीदारिणीने फिन चढवली, टाचेमागचा पट्टा अंगठ्याने ओढला आणि तो बकलपाशी तुटून तिच्या हातात आला. होडीवरचा तांडेल लगेच पुढे झाला. “ताई, थांबा जरा, मी बांधून देतंय,” म्हणत त्याने जाळ्याची नायलॉनची दोरी काढली, दोन्ही बकलांतून ओवली, टाचेला काचू नये म्हणून मध्ये फडक्याची घडी घातली आणि जाळे विणणाऱ्या हातांनीच बसतात अशा दोन गाठी मारल्या. होडीवर ती फिन इतकी पक्की बसली की आम्ही निर्धास्त उतरलो. दहा मीटरच्या आसपास पोहोचल्यावर मात्र जोडीदारीण बोटे आवळून पोहू लागली. फिन पावलावर हलत होती, प्रत्येक किकला मागे सरकत होती, आणि थोड्याच वेळात तिच्या पोटरीत गोळा आला. आम्ही वर आलो. होडीत चढून तिने पाहिले तर दोरी पुन्हा जशीच्या तशी घट्ट झाली होती. गाठ सुटली नव्हती, सरकलीही नव्हती.

तांडेलाच्या गाठीत काही उणे नव्हते. बदलला होता तो बूट. निओप्रीन म्हणजे असंख्य बंद बुडबुडे असलेले फेसाळ रबर. त्या बुडबुड्यांतल्या वायूमुळेच ते उबदार असते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि त्या वायूचे आकारमान निम्मे होते. वीस मीटरवर ते एक तृतीयांश उरते. बूट त्यामुळे खरोखरच पातळ होतो. पाच मिलिमीटर जाडीचा बूट टाचेभोवती आणि पावलावर, दोन्हीकडे दबला की न ताणणारी दोरी ढिली पडणारच. रबरी पट्टा थोडा आखडतो आणि काही अंशी ही ढिलाई भरून काढतो, पण त्याचा ताण आखडण्याबरोबर भराभर घटतो. म्हणूनच रबरी पट्टा वापरणारे बरेच जण तो होडीवरच जास्त आवळून घेतात, मग पृष्ठभागावर वाट पाहताना त्यांच्या तळपायाला मुंग्या येतात. लांब वेटोळ्यांच्या स्प्रिंगचे तसे नाही. ती ताणून बसवलेली असते आणि थोडी आखडली तरी तिची ओढ फारशी कमी होत नाही. होडीवर जेवढी पकड, जवळजवळ तेवढीच तळाशी. स्प्रिंगच्या पट्ट्याचे कौतुक बहुतेक जण तो चटकन घालता-काढता येतो म्हणून करतात. तेही खरे आहे, पण माझ्या लेखी त्याचे पहिले कारण हे आहे.

बंजीच्या पट्ट्यालाही ही ओढ बऱ्यापैकी टिकवता येते, शिवाय तो हलका असतो. मला त्याविषयी एकच शंका आहे आणि ती मोठी आहे. त्याचे रबर कापडी वेष्टनाच्या आत असते. दुमडून, उजेडात धरून पाहण्याची परीक्षा तिथे चालत नाही. आतले धागे तुटू लागले की दोरी फक्त थोडी लांब आणि थोडी निर्जीव वाटू लागते, आणि तो बदल रोज वापरणाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागतो. बंजी घेणाऱ्याने नवी असतानाच तिची सैल लांबी मोजून वहीत लिहून ठेवावी आणि दर हंगामाच्या सुरुवातीला ताडून पाहावी.

स्प्रिंग घ्यायची ठरली की धातूचा प्रश्न येतो. ‘स्टेनलेस’ एवढ्या शब्दावर थांबू नये. समुद्रासाठी ३१६ प्रतीचे पोलाद मागावे. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठाच्या पाण्यातील क्लोराइडमुळे पडणाऱ्या सुईएवढ्या खड्ड्यांना ते ३०४ प्रतीपेक्षा चांगले तोंड देते. दुकानात कोणी लोहचुंबक लावून प्रत सिद्ध करून दाखवू लागला तर त्यावर विसंबू नये, कारण थंड अवस्थेत ओढून केलेली स्टेनलेसची तार थोडीफार चुंबकाला चिकटू शकते. चिकटली म्हणून ती साधे लोखंड ठरत नाही. विक्रेत्याने प्रत लेखी द्यावी हे उत्तम.

पण प्रतीहून जास्त लक्ष मी स्प्रिंगवरच्या आवरणाकडे देते. स्टेनलेस पोलाद गंजत नाही ते त्याच्या पृष्ठभागावरील क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि हा थर ओरखडला गेला तर पुन्हा धरण्यासाठी त्याला ऑक्सिजन लागतो. स्प्रिंगवर रबराची किंवा प्लॅस्टिकची घट्ट नळी चढवलेली असेल आणि तिच्यात खारे पाणी साचून राहिले, तर आतला ऑक्सिजन संपत जातो, मीठ घट्ट होत जाते आणि झाकलेल्या जागीच धातू पोखरला जातो. बाहेरून पट्टा नव्यासारखा दिसतो. नळीच्या टोकाशी तपकिरी ओघळ दिसला तरच संशय येतो. कोकणच्या दमट पावसाळ्यात चार महिने बंद पिशवीत पडलेल्या पट्ट्याला हा धोका अधिक. म्हणून आवरण असावे, कारण उघड्या वेटोळ्यांत कातडी किंवा मासेमारीची तंगूस चिमटली जाते, पण ते सरकवून बाजूला करता आले पाहिजे किंवा निदान दोन्ही टोकांना उघडे असले पाहिजे, म्हणजे गोडे पाणी एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाईल. धुऊन झाल्यावर पट्टा उभा टांगावा.

आता जोडणीविषयी, कारण मनासारखा पट्टा घेऊनही तो बसत नाही तो इथेच. पट्टा फिनला कुठे आणि कसा लागतो याचे सर्व कंपन्यांत मिळून एक प्रमाण नाही. जुन्या धाटणीच्या जड, पूर्ण रबरी फिन्सना बाजूला ओतीव खुंटी असते आणि पट्ट्याच्या टोकाची कडी तिच्यावरून ताणून चढवावी लागते. काही फिन्सना प्लॅस्टिकचा गोल खुंट असतो, त्यावर बकल दाबून ‘टक्’ असे बसते आणि फिरते. काहींत दोन कानांच्या मधून पोलादी पिन जाते. दिसायला सारख्याच असलेल्या दोन खुंटांच्या व्यासात मिलिमीटरभर फरक असला तरी पट्टा एकतर चढत नाही, नाहीतर चढतो आणि ऐन किकमध्ये उडतो. दुसरी शक्यता अधिक वाईट. ‘सर्व फिन्सना चालणारा’ असे लिहिलेल्या संचात चार-पाच तऱ्हेचे जोड दिलेले असतात आणि त्यांतला एखादा बहुधा बसतो. पण ‘बसतो’ आणि ‘त्यासाठीच घडवलेला आहे’ यांत अंतर आहे, आणि मला शक्य असेल तिथे मी फिनच्याच कंपनीचा पट्टा मागवते. मागवताना फिनचे पूर्ण नाव, तिची साइझ आणि खुंटाचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढून पाठवावा. व्हर्निअर असेल तर खुंटाच्या मानेचा व्यास आणि डोक्याचा व्यास अशी दोन्ही मापे घ्यावीत, कारण पट्टा धरून ठेवते ते डोके. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक फिन्स परदेशी बनावटीच्या असल्याने सुट्या भागांना वेळ लागतो. त्यासाठी ऑक्टोबरची वाट न पाहता गणपतीच्या आधीच चौकशी केलेली बरी.

माप घेताना पायात तोच बूट हवा जो डाइव्हला घालणार आहोत. बूट आणि फिनचा खिसा दोन्ही ओले करावेत, नाहीतर रबर रबरावर अडते आणि पाऊल पूर्ण आत गेल्याचा भास होतो. बोटे खिशाच्या टोकापर्यंत पोहोचली, पावलाचा मधला उंचवटा खिशाच्या कडेला टेकला, की शिंप्याच्या टेपने एका खुंटापासून टाचेमागून दुसऱ्या खुंटापर्यंतचे अंतर घ्यावे. टेप टाचेच्या हाडावरून न नेता त्याच्या वर, घोट्यामागच्या खोलगट जागेतून न्यावी, कारण पट्टा तिथेच बसायचा असतो. स्प्रिंगची सैल लांबी या मापापेक्षा कमी हवी, म्हणजे ती ताणलेल्या अवस्थेत बसेल. पण वेटोळी एकमेकांपासून पार दूर गेलेली दिसत असतील तर ती फारच आखूड आहे आणि पावलाला कळ लागल्याशिवाय राहणार नाही. लहान, मध्यम, मोठा असे शिक्के प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. पादत्राणाच्या नंबरावरून मागवणाऱ्याने बुटाची जाडी कळवलीच पाहिजे, कारण तीन मिलिमीटरच्या बुटाला नेमकी बसणारी स्प्रिंग सात मिलिमीटरच्या बुटावर कदाचित चढणारही नाही.

इथेच स्प्रिंगची मर्यादाही दिसते. ती एका पायाची, एका बुटाची असते. ज्या घरात बहीण-भाऊ एकच जोड आलटून पालटून वापरतात, किंवा ज्या केंद्रावर दिवसभर वेगवेगळ्या मापांची पावले त्याच फिन्समध्ये जातात, तिथे आवळता येणारा रबरी पट्टाच योग्य आहे, आणि तो दर हंगामाला बदलण्याची तयारी ठेवावी. अंदमानला विमानाने जाणाऱ्यांनी वजनाचाही विचार करावा. देशांतर्गत विमानांत साधारणपणे पंधरा किलो सामान मोफत नेता येते, त्यात फिन्स, बीसीडी, रेग्युलेटर बसवायचे म्हणजे पोलादी स्प्रिंगचे वजन हातालाच नव्हे, काट्यालाही जाणवते. पाण्यातही ते वजन पायांकडे जाते. ज्यांचे पाय आधीच खाली झुकतात त्यांना त्याचा त्रास होईल. ज्यांचे पाय तरंगतात त्यांना उलट फायदाच होईल.

रबरी पट्टा ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आवळल्यानंतर पट्ट्याचे जे शेपूट उरते ते बाहेरच्या बाजूला लोंबकळत ठेवू नये. आपल्या किनाऱ्यावर खडकांत अडकून तुटलेली जाळी आणि गळाच्या तंगुसा सर्रास आढळतात, आणि असे शेपूट त्यांना अडकायला आयती जागा देते, तेही आपला हात सहज न पोहोचणाऱ्या ठिकाणी. पट्टा शेपूट आतल्या अंगाला येईल असा ओवावा, किंवा माप पक्के झाले असेल तर शेपूट टेपने पट्ट्यालाच बांधून टाकावे. स्प्रिंगला शेपूटच नसते. तिच्या मागचे अंगठा घालायचे कडे मात्र पाहून घ्यावे. ते हातमोज्यासकट अंगठा जाईल एवढे मोठे हवे. होडीच्या शिडीला एका हाताने धरले आहे, लाट शिडी उचलून आपटते आहे आणि फिन्स काढून वर द्यायच्या आहेत, अशा वेळी दुसऱ्या एकट्या हाताने जे सुटते तेच उपयोगाचे. वाळू शिरलेले बकल तेव्हा दोन बोटांनी दाबूनही सुटेलच असे नाही.

नवे पट्टे नेहमी जोडीने बदलावेत. एका पायाला नवी स्प्रिंग आणि दुसऱ्याला जुना रबरी पट्टा असला की दोन्ही पायांची पकड वेगळी होते आणि किक एका बाजूला ओढू लागते. बसवण्याचे काम घरी, साबणाचे पाणी घेऊन, निवांतपणे करावे, कारण स्प्रिंगची कडी खुंटीवर चढवायला बराच जोर लागतो आणि ती हातातून सुटली तर तोंडावर येऊ शकते. चढवल्यावर फिन पायात घालून टाच दहा-वीस वेळा उचलून पाहावी आणि खुंटावरची कडी फिरते का, की एका कुशीवर अडकून बसते, ते बघावे.

काढलेल्या रबरी पट्ट्यांपैकी जे दुमडण्याच्या परीक्षेत उतरतील ते बकलांसकट सुट्या भागांच्या डबीत, सैल गुंडाळून ठेवावेत. कोणाचा पट्टा कधी तुटेल ते सांगता येत नाही, आणि बकल शेजारच्या फिनलाही बसण्याची शक्यता असते. चिरलेले पट्टे मात्र कापून टाकावेत, नाहीतर ते त्याच डबीतून एक दिवस पुन्हा कोणाच्या तरी टाचेमागे जातात. आणि पिनची जोडणी असलेल्या फिन्स असतील तर नव्या पट्ट्याबरोबर दोन जादा पिना मागून घ्याव्यात. पट्ट्याआधी हरवते ती पिन.